उजवीकडून पाचवा

एकाहत्तरच्या लढाईत माझा भाऊ गेला. त्याचा फोटो घरात लावायचं ठरलं तेव्हा फोटोतला भाऊ मी ओळखून दाखवला, आणि मी चुकले. पुढे अकरा वर्षं आमच्या घरी दुसऱ्याच माणसाच्या फोटोला हार पडत राहिला. माय रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावायची. आणि तो दुसरा माणूस जिवंत होता.

हे मी गुवाहाटीत बसून लिहिते आहे. माझे यजमान नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहायचे. मालकाने इकडे गोदाम उघडलं आणि त्यांना इथे पाठवलं. नागपूरहून यायचं म्हणजे दोन रात्री गाडीत काढायच्या, तरी तिसऱ्या दिवशी लवकर पोचू याचा भरवसा नाही. आमच्या गल्लीत मराठी बोलणारं घर आमचंच. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यामुळे कागद पुढे घेतला की छातीत धडधडतं. पण माझी मुलं इथे वाढत आहेत, त्यांनी मामाला पाहिलेलं नाही. मी लिहिलं नाही तर त्यांना सांगणार कोण?

आमचं गाव कळमेश्वरपासून चालत तासाभरावर. मी चार वर्षांची असताना बा तापाने गेला. शेत काका बघायचा. भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, त्यामुळे तो मला भाऊ कमी आणि बाप जास्त वाटायचा. मला शाळेत घातलं ते त्यानेच. गावात तेव्हा मुलींना तिसरीनंतर घरी बसवायचे. माझीही वेळ आली तेव्हा तो मायला म्हणाला, "हिले सातवीपर्यंत तं जाऊ दे. मी घरी नसलो तं माह्यी चिठ्ठी तुले कोण वाचून दाखवन?" आपण घरी नसणार हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं बहुतेक.

अठरावं लागलं तसा तो नागपूरला भरतीला गेला आणि संध्याकाळी नाव लावूनच परत आला. माय चुलीपुढे होती.

"छाती फुगवून दाखव म्हणे. फुगवली," तो म्हणाला.

"अन् मले इचारलं काहून नाही?"

"तुले इचारलं असतं तं फुगलीच नसती."

माय रागाने हसली. हसू आलं की तिचा राग संपायचा, हे त्याला चांगलं माहीत होतं.

पलटणीतून त्याची पत्रं यायची ती मी वाचायची. माय पदर सावरून बसायची आणि मी एकेक शब्द मोठ्याने म्हणायची. 'साष्टांग नमस्कार' नाही, 'विनंती विशेष' नाही, थेट "माय, इथं भात लय देतात" असं सुरू व्हायचं. एकदा पाकिटात फोटो आला. सगळ्या तुकडीचा, पोस्टकार्डाएवढा. चार रांगा, एकेका रांगेत दहा जण, सगळ्यांची टोपी तीच, मिशी तीच, चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे. सोबत त्याने लिहिलं होतं, "मी मागून दुसऱ्या रांगेत उजवीकडून पाचवा आहे. माझा सोबती बाजूलाच आहे."

"कोणता वं?" मायने विचारलं.

मी माझ्या उजव्या हाताकडून मोजत गेले आणि पाचव्या डोक्यावर बोट ठेवलं. मायने फोटो उंबऱ्याजवळ उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला.

"अंगानं भरला वं माह्या लेक," ती म्हणाली.

फोटो पेटीत गेला. त्यानंतर दोन वर्षं तो कुणी बाहेर काढला नाही, काढायचं कारणही नव्हतं. भाऊ एकदा सुटीवर आला होता, आणि पुन्हा यायचाच होता.

मग लढाई लागली. तार आली ती मुख्याध्यापकांनी वाचली, मला वाचायला लावली नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. नंतर पलटणीच्या साहेबांचं पत्र आलं: शत्रूशी लढताना वीरगती मिळाली, अंत्यसंस्कार तिकडेच मानाने झाले. मग काळी ट्रंक आली. तिच्यात दोन गणवेश, एक कंगवा आणि मी लिहिलेली सगळी पत्रं. मायने ट्रंक हुंगली आणि म्हणाली, "याले तं दुसराच वास हाय." यापलीकडे तिने त्या दिवशी काही केलं नाही.

देह आला नाही, तेरवीला पुढ्यात ठेवायला त्याच्या एकट्याचा फोटोही नव्हता. उन्हाळा लागायच्या आधी माय म्हणाली, पेटीतल्या फोटोतून त्याचा मोठा करून आणू. आम्ही दोघी एसटीने नागपूरला गेलो. बसची पाटी मी वाचली, सीताबर्डीतल्या स्टुडिओची पाटी मी वाचली. काका सोबत नव्हता आणि मी तेरा वर्षांची. खरं सांगते, मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

स्टुडिओवाला म्हातारा होता, निम्मा हिंदी बोलायचा. त्याने डोळ्याला भिंग लावलं.

"बाई, चेहरा तो राईएवढा आहे. मोठा केला तर निस्ता धूर दिसेल. हाताने भरावा लागेल. कौनसा?"

मी बोट ठेवलं. मागून दुसरी रांग, उजवीकडून पाचवा.

"पक्का?"

"पक्का."

"बाजूवाला असता तर मी घेतलाच नसता," तो म्हणाला. "तो हलला आहे. हा बरा, सीधा खडा आहे."

पाचव्याच्या बाजूला एक पुसटसा चेहरा होता. बाजूला वळलेला, दुधात बोट फिरवावं तसा ओघळलेला. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं.

"डोळे कसे होते?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"माह्यासारखे," माय म्हणाली.

मग त्याने मायला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि कागदावर तिचे डोळे काढून घेतले. तेवढा वेळ माय पापणी न हलवता बसून होती. तिचे डोळे घारे आहेत, थोडे खालच्या बाजूला उतरलेले. आमच्या घरात ते दोघांनाच होते.

पंधरा दिवसांनी फोटो मिळाला. दीड हात उंच, गाल गुलाबी, मागे निळं आभाळ. उजव्या भुवईत एक खाच दिसत होती.

"हे कधी लागलं याले?" माय म्हणाली. "मले लिवलं नाही."

"मायला काळजी नको म्हणून लिहिलं नसेल," मी म्हटलं.

काका म्हणाला, "पोट्टा सायबावानी दिसून राहिला." हा आपला नाही, असं कुणालाच वाटलं नाही. डोळे तर त्याचेच होते. आणि मोठे केलेले फोटो असेच असतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाटलांच्या वडिलांच्या फोटोत तर दोन्ही कान सारखे आले होते, खऱ्या माणसाला एकच धड होता.

त्या फोटोने माय ताठ झाली. पंधरा ऑगस्टला पोरांची प्रभातफेरी आमच्या दारी थांबायची, पोरं सलाम ठोकायची आणि माय डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. रडायची नाही. गावात नवी सून आली की तिला फोटोच्या पाया पडायला आणत. मी दर वर्षी चौकटीच्या खिळ्याला राखी बांधायची. माझं लग्न झालं तेव्हा मांडवातून उठून आधी त्याच्या पाया पडले. "जातो गा भाऊ" म्हणाले, आणि तेव्हा मात्र माझा हुंदका फुटला.

माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मुख्याध्यापकांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला हा फोटो शाळेत लावायचा, आणि पडदा मायच्या हाताने बाजूला करायचा. तोच मोठा फोटो शाळेला द्यायला माय तयार झाली, यावरून तिला या गोष्टीचं किती अप्रूप होतं ते कळावं. सरांनी पलटणीला पत्र धाडलं की त्याला ओळखणारं कुणी येईल का. ते पत्र फिरत फिरत एका हवालदाराकडे गेलं. तो नुकताच निवृत्त होऊन साताऱ्याकडे आपल्या गावी गेला होता. त्याचं उत्तर आलं: "तो माझा सोबती. मी येतो."

मीही धाकट्याला कडेवर घेऊन गुवाहाटीहून आले. गाडीभर एकच धास्ती, उशीर होईल आणि पडदा माझ्याशिवाय उघडेल. झाला नाही. दोन दिवस आधीच पोचले.

पंचवीस तारखेला दुपारी हवालदार आले. चांगले आडवे, मिशा पिकलेल्या, खांद्यावर वळकटी, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मायच्या पाया पडले. माय त्यांचा हात धरून सरळ फोटोपुढे घेऊन गेली.

"ओळखलं का गा?"

हवालदार फोटोकडे बघत राहिले. एकदा मायकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"वळखलं की, माऊली," ते म्हणाले. "डोळं वळखलं."

मग बाजेवर बसून त्यांनी आम्हाला ते सांगितलं जे साहेबांच्या पत्रात नव्हतं. एक नदी होती, फार रुंद नाही पण पाणी ओढीचं. पलीकडून गोळीबार. दोर पलीकडे नेऊन बांधल्याशिवाय कुणाला उतरता येत नव्हतं.

"निम्म्या तुकडीला पवायलाच येत न्हवतं. आमच्याकडं डोंगर, मी तर दगडावानी बुडायचो. साहेबानं इचारलं, कोण जातंय? ह्यो म्हणाला, मी जातो, मी हिरीत शिकलोय. दोर कमरंला बांधला आन् गेला. पलीकडं झाडाला गाठ मारली. कसली गाठ, तर म्हणाला व्हता, आमच्याकडं माजलेला बैल बांधत्यात ती. त्या दोराला धरून आम्ही तीस जण पार झालो, माऊली. गाठ हालली न्हाई. दोर ढिला पडू नये म्हणून तो झाडापाशीच उभा व्हता. तितंच लागली त्याला. मी तिसावा. मी पोचलो तवा त्यानं माझा हात धरून वर वढलं, आन् मग बसला. मग उठला न्हाई."

मायने सगळं ऐकलं. विहिरीत उड्या मारतो म्हणून तिने त्याला तुराट्यांनी मारलेलं मला आठवत होतं, तिलाही आठवत असणारच. ती वळली आणि भिंतीवरच्या फोटोला म्हणाली, "ऐकलं का रे? तीस जण." तिच्या आवाजात जो तोरा होता तो पाटलाच्या घरी नातू झाला तेव्हा पाटलीणबाईंच्याही नव्हता.

हवालदारांनी मान खाली घातली.

जेवण झाल्यावर मी अंगणात त्यांच्या हातावर पाणी घालत होते. त्यांनी ओंजळीने तोंड धुतलं, भुवया मागे सारल्या. उजव्या भुवईत खाच होती.

तांब्या माझ्या हातातच राहिला, पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "फोटोतला माणूस कुणी दाखवला?"

"मी."

"त्यो मी हाय."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग मी काय केलं, कसं केलं, सगळं एका दमात सांगितलं: पत्रात लिहिलं होतं, उजवीकडून पाचवा, मी मोजला होता, पक्का मोजला होता.

"कुणाच्या उजवीकडनं?" हवालदारांनी विचारलं.

"म्हणजे?"

ते माझ्यासमोर सावधान उभे राहिले आणि आपला उजवा हात बाजूला नेला. तो माझ्या डाव्या अंगाला होता.

"फौजेत गिनती ह्या बाजूनं. आपल्या सवताच्या उजवीकडनं. त्यानं तसंच लिवलं आसणार. तुमी समोरनं मोजलं. धा जणांची रांग, दोन्हीकडनं पाचवं निराळं. एका डोक्याचा फरक पडला बघा."

मग हवालदार बराच वेळ मलाच समजावत राहिले. "राहू द्या, ताई. म्हातारीला सांगू नगा. पोरं उद्या सलाम करत्याल, तो त्याला पोचंल. माझं काय जातंय? उलट माझ्या घरी, मी मेल्यावर, येवढी उदबत्ती कुणी लावंल आसं मला वाटत न्हाई. माझी बायको तर फोटो अडगळीत टाकंल."

गप्प बसणं फार सोपं होतं. आम्हा दोघांशिवाय कुणाला कळणार नव्हतं. मायचा उद्याचा दिवस, तिची ताठ मान, सगळं माझ्या हातात होतं. सांगितलं तर तिला वाटेल, अकरा वर्षं मी कुणाशी बोलले? मी तशीही भित्रीच आहे. कुलूप लावलं तर तीनदा ओढून बघते. पण उद्या पडदा उघडला की शाळेतली सगळी पोरं तो चेहरा माझ्या भावाचा म्हणून पाठ करणार होती. आणि मग त्याचा स्वतःचा चेहरा जगात कुठेच राहणार नव्हता. त्याने मला शाळेत घातलं ते त्याचं लिहिलेलं मी वाचावं म्हणून. त्याने आपण कुठे उभे आहोत ते लिहून ठेवलं होतं, आणि ते मी धड वाचलं नव्हतं.

माय चुलीपाशी पाहुण्यांसाठी पाटोड्या थापत होती. उन्हं अजून अंगणात होती. मी तिच्या शेजारी बसून सांगितलं. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून थांबलेच नाही.

तिचा हात बेसनात होता तसाच राहिला. मी वाट पाहत होते, रडेल, नाहीतर माझ्या थोबाडीत मारेल. माय म्हणाली,

"जिता माणूस अन् त्याले हार?"

ती उठली. हातही धुतले नाहीत. भिंतीखाली पाट ओढला. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू हात लावू नको. म्या घातला, म्याच काढतो." तिने हार काढला, काचेवरचं गंध पदराने पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, बेसनाचे फराटे उठले. मग अंगणात हाक मारली, "ओ भाऊ! इकडे या!"

हवालदार आले. त्यांना कळून चुकलं होतं.

"माय हाय का तुमची?"

"हाय. गावाकडं."

"तिले कधीच सांगू नका हे. तिनं मले काय म्हटलं असतं! अकरा वर्षं तिच्या लेकराच्या गळ्यात... बसा पाटावर."

"माऊली, मला काय बी झालं न्हाई. एकदा आमची गाडी दरीत गेली, चार जण गेलं, मला खरचटलं बी न्हाई."

"बसा म्हणतो ना गा!"

तो एवढा हवालदार मांडी घालून पाटावर बसला. मायने मूठभर मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेऊन त्याच्यावरून उतरवल्या, पुटपुटत, डोक्यापासून पायापर्यंत, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या. ठसका म्हणून आला नाही.

"पाह्य," माय मला म्हणाली, "केवढी लागली होती." मग हवालदारांकडे वळली. "दरीत गाडी गेली म्हणता. म्हणजे माह्या हातचा दिवा वाया नाही गेला म्हणायचा."

"त्यानं नदीतनं काढलं, तुमी दरीतनं," हवालदार म्हणाले. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

मग ती माझ्याकडे वळली. माझी मान खाली.

"तू बरोबरच मोजलं वं," माय म्हणाली. "चूक त्याची. मायले लिवतानी तरी घरच्यासारखं लिवाव का नाही? तिथंबी परेड!" पण हे बोलताना ती फुलली होती. तिचा लेक चिठ्ठीतसुद्धा शिपाई होता.

पेटीतून लहान फोटो निघाला. हवालदारांनी आपल्याच चेहऱ्याच्या बाजूला बोट ठेवलं. तोच पुसट, ओघळलेला चेहरा.

"फोटोवाला म्हणत व्हता हलू नगा. ह्याला त्याच टायमाला माझ्याशी बोलायचं व्हतं. म्हणाला, बघ, तुझ्या नाकावर माशी बसली, आता तू हलशील. मी न्हाई हललो. त्योच हलला, हसून."

माय फोटो घेऊन उंबऱ्यात बसली. ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. ती इतका वेळ पाहत राहिली की पाटोड्यांचा रस्सा लागायला आला, आणि मला उठावं लागलं.

"हाच," ती शेवटी म्हणाली. "एका जागी उभा राहीन तं तो कायचा?"

सर संध्याकाळी पडद्याची दोरी बघायला म्हणून आले. त्यांना सांगितल्यावर ते घामाघूम झाले. सभापती येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"निदान उद्याचा दिवस मोठाच फोटो राहू द्या, बाई," ते म्हणाले. "लहानात काही दिसणार नाही. मुलांना तो ओळखू तरी येईल का?"

"मोजाले शिकवा," माय म्हणाली. "शाळा कायले हाय मंग?"

तेव्हा मोठ्या चौकटीतून मोठा फोटो काढला, मध्ये पांढरा पुठ्ठा लावला आणि त्याच्या बरोबर मधोमध तो पोस्टकार्डाएवढा फोटो चिकटवला. हवालदारांनी स्वतः चिकटवला, पट्टीने मोजून. गुलाबी गालांचा फोटो त्यांना देऊ केला, तर ते म्हणाले, घरी बायको विचारील हे डोळे कुणाचे. मायने तो ठेवून घेतला. बिनहाराचा. ती म्हणाली, जिवंत लेकाचाही एक फोटो असावा घरात.

सव्वीस तारखेला मायने पडदा ओढला तेव्हा लोक आधी माना उंचावून बघू लागले. एवढी मोठी चौकट आणि एवढासा फोटो. सभापतींनी चष्मा काढून पुसला. मग हवालदार उठले आणि त्यांनी नदीची गोष्ट सांगितली. मायला दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला. ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. पदर दातात धरून ती एवढंच म्हणाली, "चाळीस जण हायेत. सगळ्यायच्या पाया पडा. माह्या मागून दुसऱ्या रांगेत पाचवा हाय. त्याच्या उजवीकडून मोजा, तुमच्या नाही."

सलाम झाल्यावर सरांनी पोरांना रांगेने फोटोजवळ सोडलं. ती रांग काही पुढे सरकेना. एकेक पोरगं चौकटीला नाक लावायचं, मग पाठ फिरवून स्वतः शिपायासारखं उभं राहायचं, आपला उजवा हात कोणता ते बघायचं, पुन्हा वळून मोजायचं.

"हा हाय!"

"हट्, तो नाही बे. तो हवालदारसायेब हायेत, ते तं तिकडे बसले हायेत खुर्चीवर. त्यायच्या बाजूचा."

"तो तं पुसला हाय."

"पुसला नाही बे, हलला हाय."

मी मायच्या मागे उभी होते, धाकटा माझ्या कडेवर. एवढ्या जणांनी एवढ्या वेळा माझ्या भावाला मोजून काढलं, आणि प्रत्येक वेळी मी मनात त्यांच्यासोबत मोजत होते, एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी तो बरोबर निघत होता.

शेवटी एक दुसरीतली पोरगी राहिली. तिला चौकटीपर्यंत पोचता येईना म्हणून हवालदारांनी तिला उचलून धरलं. तिने बोटाने मोजलं, पाचव्यावर थांबली आणि बराच वेळ बघून तिने मायला विचारलं,

"आजी, हा हसून काहून राहिला?"

माय पुढे झाली. काचेला अगदी टेकून तिने पाहिलं, जणू खात्री करून घेत होती.

"सोबत्यासंगं बोलून राहिला," ती म्हणाली.